वटवाघूळ यादीत, गुहा वाऱ्यावर

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या जुन्या अनुसूच्या चाळल्या तर वटवाघळांच्या वाट्याला आलेला न्याय पाहून गंमत वाटते. पहिल्या अनुसूचीत वाघ, हत्ती, गेंडा यांच्या पंगतीला वटवाघळांच्या दोनच जाती बसवलेल्या होत्या. एक रॉटनचं मोकळ्या शेपटीचं वटवाघूळ आणि दुसरं सलीम अलींच्या नावाचं दक्षिणेतलं फळखाऊ वटवाघूळ. त्याच कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या यादीत, कावळा, उंदीर आणि घुशींच्या जोडीला ‘फळं खाणारी वटवाघळं’ अशी घाऊक नोंद होती. ती कोणीही, कधीही, कितीही मारावीत, कायद्याची हरकत नव्हती. उरलेल्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांचं नाव कुठेच नव्हतं. ती ना संरक्षित, ना उपद्रवी. भारतात वटवाघळांच्या सव्वाशेहून अधिक जाती आहेत, हे लक्षात घेतलं की कायद्याने हा गट किती वरवर पाहिला होता ते कळतं. २०२२ च्या दुरुस्तीने उपद्रवी प्राण्यांची यादी काढून टाकली, सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या आणि वड-पिंपळावर दिवसा लटकणारं मोठं वटवाघूळ दुसऱ्या अनुसूचीत आलं. हे चांगलंच झालं. पण प्राण्याचं नाव कुठल्या यादीत आहे, यावरून त्याचं रक्षण किती होतं ते ठरतं, हा समज मात्र तसाच राहिला. रॉटनच्या वटवाघळाचं उदाहरण या समजाविरुद्धचा सगळ्यात मजबूत पुरावा आहे, कारण त्याला कायद्यातलं सगळ्यात वरचं स्थान आधीपासून मिळालेलं आहे.

हे वटवाघूळ आपल्या अगदी शेजारचं. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पलीकडच्या जंगलात, कृष्णापूर आणि तळेवाडीच्या आसपास बारापेडे नावाच्या गुहा आहेत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ साली देशभरातल्या सस्तन प्राण्यांची जी पाहणी सुरू केली, तिच्या काळात या गुहांतून काही नमुने गोळा झाले. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पोचले आणि ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये ती नवी जात म्हणून जाहीर केली. नाव दिलं ते मुंबई इलाख्यातले वनाधिकारी आणि त्या पाहणीचे एक खंदे पुरस्कर्ते आर. सी. रॉटन यांचं. दिसायला प्राणी देखणा आहे. अंगावर गडद चॉकलेटी, मखमली केस, मानेमागे फिकट करड्या रंगाचा पट्टा. दोन्ही कान मोठाले, कपाळावर एकमेकांना जोडलेले आणि टोपीच्या झापडीसारखे पुढे आलेले. बहुतेक वटवाघळांची शेपूट मागच्या पायांमधल्या पडद्यात गुरफटलेली असते, याची पडद्याच्या बाहेर मोकळी निघते. पंख लांब आणि अरुंद. असे पंख उंचावरून, मोकळ्या हवेत, वेगाने उडण्यासाठी असतात. झाडाझुडपांत गिरक्या घेणं किंवा जमिनीवरून भुर्रकन उठणं या पंखांना जमत नाही. झेप घ्यायला खाली भरपूर पोकळी लागते. म्हणून हे वटवाघूळ गुहेच्या उंच छतातल्या खळग्यांत आणि घुमटीसारख्या पोकळ्यांत राहतं. कुठलीही गुहा त्याला चालत नाही. छताची उंची, खळग्याची खोली, आतली ऊब, ओल आणि शांतता, सगळं जमून यावं लागतं. पिलांच्या काळात तर जास्तच, कारण वटवाघळांच्या बहुतेक जातींची मादी एका वेळी एकच पिलू देते आणि एक पिलांचा हंगाम वाया गेला तर ती तूट भरून यायला वर्षं लागतात.

आता कायदा या प्राण्याला नेमकं काय देतो ते पाहू. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार नवव्या कलमाने बंद आहे आणि ती केली तर एक्कावन्नाव्या कलमाखाली किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा तुरुंगवास, शिवाय दंड. शिक्षा जबर आहे. पण ती शिकारीची आहे, आणि शिकारीत काय काय येतं हे दुसऱ्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. मारणं, विष घालणं, पकडणं, सापळा लावणं, हाकून काढणं, जखमी करणं, शरीराचा भाग काढून घेणं, आणि या सगळ्याचा प्रयत्न करणं. पुढे आणखी एक तरतूद आहे, जी या विषयात सगळ्यात महत्त्वाची. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीत अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कटणं हीसुद्धा शिकारच. म्हणजे घर मोडणं हे प्राणी मारण्याइतकंच गंभीर असू शकतं, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं. पण त्यांनी ते पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्यांच्या पुरतंच लिहिलं. सस्तन प्राण्याच्या घराचा उल्लेख तिथे नाही. वाघाला त्याने काही फरक पडत नाही, कारण त्याचं घर म्हणजे सगळं जंगल. गुहेत राहणाऱ्या वटवाघळाला मात्र फार फरक पडतो. त्याला बंदूक घेऊन मारायला कोणी जात नाही. त्याचा बाजारभाव नाही, कातडं नाही, शिंग नाही. त्याला धोका असतो तो गुहेत मशाली आणि प्रखर बॅटऱ्या घेऊन शिरणाऱ्यांचा, आत केलेल्या धुराचा, जवळपास होणाऱ्या सुरुंगांचा, तोंड बुजवणाऱ्या राडारोड्याचा. हाकून काढण्याच्या उद्देशाने धूर केला तर तो कदाचित शिकारीत बसवता येईल. पण मजा म्हणून गुहेत गेलेल्या वीस जणांच्या टोळक्याने आरडाओरडा केला आणि माद्या पिलांसकट उठल्या, तर शिकार झाली असं कोर्टात सिद्ध करणं जवळपास अशक्य आहे.

कोणी म्हणेल, अनुसूची नसेल पुरेशी, पण अभयारण्य आहे ना. ही हरकत रास्त आहे. कर्नाटक सरकारने २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर केलं, सुमारे १९० चौरस किलोमीटरचं, आणि बारापेडेच्या गुहा त्याच्याच जंगलात येतात. अभयारण्यात कायद्याचं एकोणतिसावं कलम लागू होतं आणि ते थेट अधिवासाबद्दल बोलतं. वन्यप्राण्याच्या राहण्याच्या जागेचा कोणत्याही कृतीने नाश किंवा नुकसान करायला ते बंदी घालतं. तेव्हा बारापेडेच्या वटवाघळाला आज जे काही खरं संरक्षण आहे ते पहिल्या अनुसूचीतल्या नावामुळे नसून, त्याची गुहा योगायोगाने एका अभयारण्यात पडली यामुळे आहे. थॉमस यांनी नाव दिल्यापासून ते अभयारण्य होईपर्यंत जवळजवळ शंभर वर्षं गेली, आणि अभयारण्यासाठी जो रेटा लागला त्यात या वटवाघळाखेरीज वाघ होता, सदाहरित जंगल होतं, म्हादईचा उगम होता. आजही या जंगलाचं नाव पेपरात येतं ते पाणी कर्नाटकाने वळवायचं की गोव्याकडे वाहू द्यायचं या भांडणात. या गदारोळात मूठभर वजनाचा हा प्राणी फारसा कोणाच्या तोंडी नसतो. शिवाय गुहेसाठी अभयारण्य हे माप एका टोकाला फार मोठं आणि दुसऱ्या टोकाला फार लहान. १९० चौरस किलोमीटरच्या व्यवस्थापनात एका गुहेच्या तोंडाशी हंगामापुरता पहारेकरी ठेवणं हे काम सहज मागे पडतं. आणि जी गुहा अभयारण्याच्या बाहेर आहे तिला यातलं काहीच मिळत नाही.

बाहेर असल्यावर काय होतं ते पाहायला कर्नाटकातच कोलार जिल्ह्यात जावं लागेल. तिथे हनुमनहळ्ळी गावाजवळच्या एका गुहेत कोलार पर्णनासिक वटवाघूळ राहतं. १९९४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. जगात त्याची दोनशेहून कमी वटवाघळं उरली असल्याचा अंदाज आहे आणि तीही सगळी त्या एका गुहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१६ मध्ये त्याला अतिसंकटग्रस्त ठरवलं. गुहा ग्रॅनाइटच्या पट्ट्यात, आणि ग्रॅनाइटच्या खाणी अगदी भोवताली. जगातल्या सगळ्यात दुर्मीळ सस्तन प्राण्यांपैकी एक, पण किडेखाऊ म्हणून त्या काळी देशाच्या वन्यजीव कायद्याच्या एकाही अनुसूचीत नाही. शास्त्रज्ञांना तेव्हा खटपट करावी लागली ती मुख्यतः दगड काढणं थांबवण्यासाठी आणि गुहेभोवतीची जमीन राखण्यासाठी. हे वटवाघूळ त्या वेळी पहिल्या अनुसूचीत असतं तरी सुरुंगाच्या कंत्राटदाराला काय फरक पडला असता? त्याने एकही वटवाघूळ पकडलं किंवा मारलं नसतं, फक्त दगड फोडला असता.

यावर पहिला आक्षेप असा येईल की रॉटनचं वटवाघूळ मुळात आता तेवढं दुर्मीळ राहिलेलं नाही. यात तथ्य आहे. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बारापेडे ही या जातीची जगातली एकमेव ज्ञात जागा मानली जाई आणि १९९६ मध्ये निसर्ग संरक्षण संघाने तिला अतिसंकटग्रस्त म्हटलं होतं. मग २००० च्या सुमारास कंबोडियात एक वटवाघूळ सापडलं, त्याच सुमारास मेघालयातून नोंद झाली आणि पुढे मेघालयातल्या आणखी गुहांमध्येही ही जात आढळली. परिणामी २००८ मध्ये तिचा शेरा बदलून ‘अपुरी माहिती’ असा झाला. हा शेरा बढती समजून वाचणारे बरेच असतात. अपुरी माहिती याचा अर्थ धोका टळला असा होत नाही, धोका किती हे सांगता येत नाही एवढाच होतो. खानापूर ते जयंतिया टेकड्या हे अंतर सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरहून जास्त आहे. बारापेडेची वसाहत उद्या उठली तर मेघालयातून तिथे वटवाघळं येऊन राहतील, असं मानायला कसलाही आधार नाही. उलट नव्या नोंदींनी माझा मुद्दा आणखी पक्का होतो. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा देशातल्या सगळ्यात लांब गुहा आहेत, पण तिथली बहुतेक जमीन सरकारी वनखात्याची नसून कुळांच्या आणि समाजाच्या मालकीची आहे, आणि तीच चुनखडी सिमेंटला लागते. म्हणजे जातीच्या ज्ञात जागा वाढल्या, पण त्या अशा ठिकाणी वाढल्या जिथे अभयारण्याचं कलम पोचत नाही आणि अनुसूचीतलं नाव चुनखडीला वाचवत नाही.

माहिती अपुरी का राहते याचंही एक उत्तर कायद्यातच आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी संशोधनासाठी हाताळायचा, नुसता पकडून वजन करून सोडायचा, तरी बाराव्या कलमाखाली परवाना लागतो आणि त्याला केंद्र सरकारची पूर्वसंमती हवी. वाघाच्या बाबतीत ही कडक शिस्त योग्यच आहे. पण वटवाघळाच्या बाबतीत तिचा परिणाम विचित्र होतो. पंखाची लांबी मोजू इच्छिणाऱ्या अभ्यासकाला दिल्लीपर्यंत कागद पाठवावे लागतात आणि अभयारण्याबाहेरच्या गुहेत फटाका लावून बघणाऱ्याला कोणी विचारत नाही. संशोधकांनी यातून वाट काढली आहे. रॉटनचं वटवाघूळ बऱ्याच वटवाघळांपेक्षा खालच्या पट्टीत साद घालतं, आणि ती साद ध्वनिमुद्रित करून, न पकडता, ही जात ओळखण्याची पद्धत कादंबरी देशपांडे आणि नचिकेत केळकर यांनी २०१५ मध्ये मांडली.

दुसरा आक्षेप जास्त तिखट आहे. करोनानंतर आणि केरळातल्या निपाहनंतर वटवाघळांना वाचवा म्हणणं लोकांना चीड आणतं. महाबळेश्वरच्या एका गुहेतून मार्च २०२० मध्ये घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा सापडल्या, ही बातमी महाराष्ट्रात खूप गाजली. भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. काही वटवाघळांत काही विषाणू असतात, हे खरंच आहे. प्रश्न हा की त्यावर उपाय कोणता. युगांडातल्या किटाका खाणीत २००७ मध्ये मारबर्ग रोगाची लागण झाली, तेव्हा खाणवाल्यांनी तिथली वटवाघळं जवळजवळ सगळी मारून टाकली. काही वर्षांनी खाणीत पुन्हा वटवाघळं आली. २०१२ मध्ये जवळच्या इबांडा गावात मारबर्गची पुन्हा साथ आली तेव्हा संशोधकांनी खाणीतली वटवाघळं तपासली आणि विषाणू असलेल्यांचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं. जुनी वसाहत मारली की रिकाम्या जागेत नवी, तरुण, रोगाला आधी सामोरी न गेलेली वटवाघळं भरतात आणि संसर्ग त्यांच्यात वेगाने पसरतो, असा त्याचा खुलासा दिला गेला. याचा सरळ निष्कर्ष असा की माणसाने वटवाघळांच्या गुहेत न जाणं हे माणसाच्याच हिताचं. गुहेला कायद्याचं कुंपण घालायची मागणी वटवाघळांचा कैवार घेणाऱ्यांनी करावी, तितकीच ती रोगाला भिणाऱ्यांनीही करायला हवी.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. संरक्षणाच्या नावाखाली जंगलातली माणसं उठवली जातात. भीमगडच्या जंगलातल्या गावांच्या पुनर्वसनाचा विषय ताजाच आहे, आणि शेकडो वर्षं तिथे राहिलेल्या माणसांना आणखी एका प्राण्यासाठी आणखी एक बंधन सांगणं सोपं नाही. पण निवासाची जागा राखणं आणि सगळं जंगल बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुहेसाठी लागतं ते एकरा-दोन एकराचं क्षेत्र, पिलांच्या काळात प्रवेशबंदी आणि एरवी मर्यादित, शांत प्रवेश. त्यासाठी एकही घर हलवावं लागत नाही. गुहेत देव असेल तर पूजेचा दिवस आणि माणसांची संख्या गावाशी बोलून ठरवता येते. इंग्लंडमध्ये १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वटवाघळाच्या राहण्याच्या जागेला स्वतंत्र संरक्षण दिलं. ती जागा मोडणं किंवा तिची वाट बंद करणं गुन्हा आहे, आणि जागा हंगामामुळे रिकामी असली तरीही. तिथली वटवाघळं जुन्या चर्चमध्ये राहतात, प्रार्थनेच्या बाकांवर लेंड्या टाकतात आणि भाविक वैतागतात. त्यातून मार्ग म्हणून परवान्यांची पद्धत आहे. दुरुस्ती करायची असेल तर कधी आणि कशी करायची याच्या अटी घालून परवाना मिळतो. तिथेही भांडणं आहेतच, पण चर्च चालू आहेत आणि वटवाघळंही आहेत. एक सावधगिरी मात्र इथे नोंदवायला हवी. संरक्षण म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा लोखंडी जाळी बसते. मोकळ्या शेपटीची, अरुंद पंखांची वटवाघळं वेगात बाहेर पडतात आणि गजांमधून वळणं घेणं त्यांना जमत नाही. अमेरिकेत त्यांच्या नात्यातल्या जातींनी फाटक बसवलेल्या गुहा सोडल्याचा अनुभव आहे. बारापेडेला उत्साहाच्या भरात कोणी दरवाजा बसवला तर तोच तिथल्या वसाहतीचा शेवट ठरू शकतो. कुंपण घालायचं तर ते तोंडापासून दूर, जमिनीवर, माणसांसाठी.

या सगळ्यासाठी नवा कायदा लागत नाही, ही त्यातली समाधानाची बाजू. वन्यजीव कायद्यातच २००२ च्या दुरुस्तीने दोन छोटे प्रकार आणले. अभयारण्याला लागून असलेल्या सरकारी जमिनीसाठी संवर्धन राखीव आणि खासगी किंवा समाजाच्या जमिनीसाठी समुदाय राखीव. मेघालयातल्या कुळांच्या जमिनीला दुसरा प्रकार चपखल बसतो, कारण त्यात मालकी जात नाही आणि लोकांची तयारी असल्याशिवाय तो होत नाही. दुसरी वाट जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या सदतिसाव्या कलमातली. त्याखाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरवू शकतं. महाराष्ट्राने हे एका इवल्याशा माशासाठी करून दाखवलं आहे. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी, महादेवाच्या मंदिराजवळ, शिस्टुरा हिरण्यकेशी ही माशाची नवी जात सापडली. तिचं वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झालं आणि २०२१ मध्ये सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मंदिर उघडंच आहे, लोक दर्शनाला जातात, आणि मासा आपल्या पाण्यात आहे. आंबोलीत दोन हेक्टर पुरले, तर गुहेलाही पुरतील. तरीही या तिन्ही वाटा जागोजागी, सवडीने आणि कोणाच्यातरी पुढाकाराने चालणाऱ्या आहेत. खरी दुरुस्ती दुसऱ्या कलमातच हवी, आणि ती एका ओळीची आहे. पक्ष्यांच्या घरट्यांना जे संरक्षण आहे तेच वटवाघळांच्या वसाहतींच्या निवासाला, अभयारण्याच्या आत आणि बाहेर सारखंच. २०२२ च्या दुरुस्तीत याद्यांची एवढी उलथापालथ झाली, पण ही ओळ राहून गेली.

तोपर्यंत वाचकाला करता येण्याजोगं एक काम आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तुमच्या गावाजवळच्या डोंगरात, किल्ल्याच्या भुयारात, पडक्या लेण्यात वटवाघळांची वसाहत असेल तर आत न जाता, संध्याकाळी ती बाहेर पडताना लांबून पाहून, त्या जागेची नोंद या वहीत करून घ्या. जात ओळखता आली नाही तरी चालेल. पुढे तिथे खाण, रस्ता किंवा पर्यटनाचा प्रस्ताव आला, तर गावाला पुढे ठेवता येईल असा सरकारी दप्तरातला तोच पहिला कागद असेल.